पक्ष्याच्या घरातलं मंगळसूत्र

नवी कोरी वस्तू जुनी करून विकणं हा माझा धंदा आहे, आणि तो ऐकून कपाळाला हात न लावणारा माणूस मला कुंभकोणममध्ये अजून भेटायचा आहे. सुताराकडून साध्या लाकडाची पक्षीघरं आणायची. सकाळच्या कॉफीचं उरलेलं डिकॉक्शन फडक्याने चोळून लाकूड तपकिरी करायचं, कडांवर मेणबत्ती घासायची आणि वरून खडूची भुकटी कालवलेला फिका रंग द्यायचा. रंग वाळला की सँडपेपर. मेण लागलेल्या कडांवरचा रंग पोपडे धरून निघतो, आणि काल सुताराकडून आलेलं पक्षीघर कुणाच्या तरी आजोळच्या बागेत जन्मभर टांगलेलं असावं असं दिसायला लागतं. बेंगळुरूचे लोक ह्याला विंटेज म्हणतात. आमच्या शेजारणी मला रंगवाल्याचं नाव विचारतात, त्याच्याकडून रंग घ्यायचा नाही म्हणून.

ह्या वेळचं काम मोठं होतं. शिवरंजनीच्या मुलीचं, अक्षयाचं, लग्न होतं आणि अक्षयाला मांडवात जुन्या काळचा वसंत हवा होता. आमच्याकडे वसंत म्हणजे अंगभर घामोळं, पण मुलगी बेंगळुरूला वाढलेली, तिला कोण सांगणार? फिकी गुलाबी, फिकी हिरवी, फिकी निळी अशी पक्षीघरं मी आणि माझी धाकटी बहीण रम्या महिनाभर करत होतो. प्रत्येकाच्या भोकात काथ्याचं घरटं बसवायचं, त्यात मातीची दोन-तीन अंडी. आत एक घुंगरू टांगायचं, नाचियार्कोविलच्या पितळेचं, म्हणजे पंख्याच्या वाऱ्यावर सगळं छत किणकिणत राहील. मग खालून तळाची फळी चिकटवून टाकायची. घुंगरांची कल्पना माझी. लग्नाच्या सकाळी मी त्या कल्पनेला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या.

झालं असं. पक्षीघरं आदल्या दिवशीच मंगल कार्यालयाच्या छताला ओळीने टांगून झाली होती. सकाळी मी शिडीजवळ उभी राहून एक वाकडी माळ सरळ करत होते. तेवढ्यात रम्या कपडे बदलायच्या खोलीतून लाल रेशमी साडी नेसून आली. मी तिच्या निऱ्या ठीक करायला वाकले, वर बघितलं, आणि तिचा गळा रिकामा.

महिनाभर ती माझ्या घरात होती. रंगकाम करताना रोज गळ्याभोवती ओढणी गुंडाळून बसायची, आणि माझं सगळं लक्ष पोपड्यांकडे.

"रम्या, मंगळसूत्र कोठें?" मी हळूच विचारलं.

"काढून ठेवलें होतें."

"कधीं? आणि कां?"

"रंग देतांना. थिनर लागेल म्हणून."

"सरि, बरें. मग आतां कोठें आहे?"

तिने वर बघितलं. आमच्या डोक्यावर सगळी पक्षीघरं पंख्याखाली किणकिणत होती.

"त्यांतल्या एकांत," ती म्हणाली.

आमची माणसं तंजावूरच्या मराठ्यांच्या मागोमाग इकडे आलेली. घरात आमची जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. सोयरिकी आमच्या आमच्यातच होतात, त्यामुळे कुठल्याही मांडवात निम्मे लोक उरलेल्या निम्म्यांचे व्याही असतात. शिवरंजनी ही रम्याच्या सासूची सख्खी भाची. रम्याची सासू सुब्बलक्ष्मीबाई आणि नवरा हरिकृष्ण तंजावूरहून सकाळच्या गाडीने निघाले होते. वराला दारात ओवाळायचं ताट रम्याने धरायचं हे सासूबाईंनीच ठरवलं होतं. म्हणजे अख्खी जात समोर, आणि सगळ्यांच्या पुढे माझी बहीण, मोकळ्या गळ्याची. आमच्यात मंगळसूत्राचा दोरा बदलायचा झाला तरी आधी हळकुंड बांधलेला पिवळा दोरा गळ्यात चढतो आणि मगच ते उतरतं. नवरा जिवंत असताना रिकाम्या गळ्याने कुणी आंघोळीलासुद्धा जात नाही. सुब्बलक्ष्मीबाईंनी हे बघितलं की रम्याचा संसार तिथेच, त्या दारात संपला असता.

"तूं वेडी आहेस काय गे?" मी दात खात म्हटलं. "सोनें काय पक्ष्याच्या घरांत ठेवायची वस्तू आहे? कुठल्या रंगाचें होतें तें तरी सांग!"

"हिरवें असेल."

"असेल?"

"हिरवेंच."

मी पदर खोचला आणि शिडी ओढली. स्वयंपाकघरातून हळकुंड आणून तोवर दोऱ्यात बांधते म्हटलं, तर रम्या एकदम म्हणाली, "नको." का नको हे विचारायला मला वेळ नव्हता. मी शिडीवर चढले, ती खाली शिडी धरून उभी राहिली.

पहिलं हिरवं घर मी कानाशी धरून हलवलं. किण किण. दुसरं हलवलं. तेही किण किण. घुंगरू घरोघरी होतंच, त्यात मंगळसूत्राचा आवाज कसा ओळखणार? मग भोकातलं घरटं उपटून मोबाइलच्या उजेडात आत बघायचं, नसेल तर घरटं परत कोंबायचं आणि शिडी पुढे सरकवायची, एवढाच मार्ग उरला. घरटी मीच पक्की चिकटवली होती, माझ्या हाताला मरण येवो. काथ्या नखांत शिरत होता, घाम डोळ्यांत उतरत होता. बाहेरच्या अंगणात नादस्वरवाले सूर लावून बघत होते.

सगळी हिरवी घरं संपली. काही नाही.

"गुलाबी असेल मग," रम्या खालून म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की वरून काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

"तुला आठवत नाहीं कीं सांगवत नाहीं?"

तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन वाजला. सुब्बलक्ष्मीबाई. मी एक हात शिडीला धरून फोन कानाला लावला.

"पंकजा, गाडी सुंदरपेरुमाळ कोयिलला उभी आहे गे. सिग्नल नाहीं म्हणे. आम्ही आल्यावांचून ओवाळूं नका हो. ताट रम्याच्याच हातांत, सांगून ठेव."

"हो मामी. सांगत्यें."

"आणि तिची पेटी भरून ठेवायला सांग. संध्याकाळच्या गाडीनें तिला घेऊनच जात्यें. महिना झाला, घर ओकें ओकें वाटतें."

मी रम्याला निरोप सांगितला. शिडी थोडी हलली. सुंदरपेरुमाळ कोयिल म्हणजे गाडी जवळजवळ आलीच. मी आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेच्या सिग्नलला नवस बोलले.

गुलाबी घरांची ओळ दाराजवळ होती, म्हणजे येणारा प्रत्येक माणूस मान वर करून आधी मला बघणार. तिसऱ्या का चौथ्या घराचं घरटं उपटताना एक अंडं निसटलं आणि फरशीवर फुटलं. नेमकी त्याच वेळी शिवरंजनी आत आली. गळ्यात मुलीच्या आईचे सगळे दागिने, तोंडावर मुलीच्या आईची सगळी काळजी.

"हें काय चालवलेंस, पंकजा?" ती पांढरीफटक पडून त्या तुकड्यांकडे बघत राहिली. "लग्नाच्या दिवशीं अंडें फुटलें?"

"मातीचें आहे, शिवा. घुंगरूं अडकलें आहे, तें सोडवत्यें."

"अडकूं दे. एक नाहीं वाजलें तर काय मोठें बिघडतें? नवरामुलगा येऊन पोंचेल आतां."

"महिनाभर काम केलें आहे," मी कडक आवाजात म्हटलं. "एक जरी मुकें राहिलें तर मला चैन पडायचें नाहीं."

इतकं सफाईदार खोटं मी कधी बोलले नव्हते. शिवरंजनीला पटलं की नाही कोण जाणे, पण आतून कुणीतरी तिला हाक मारली आणि ती गेली. रम्याने वाकून मातीचे तुकडे गोळा केले आणि खांबामागे टाकले. वाकताना तिने डाव्या हाताने गळ्याजवळ पदर धरला होता. मंगळसूत्र सावरायची सवय, मला वाटलं.

गुलाबीही संपली. आता निळी राहिली होती, तीही व्यासपीठाजवळ, सगळ्यांत उंच टांगलेली. कार्यालयाचा व्यवस्थापक गोपालकृष्ण धावत आला आणि तमिळमध्ये ओरडायला लागला की बाई, शिडी काढा, नादस्वरवाल्यांना आत यायचंय. मी त्याच्यावर दुप्पट आवाजात ओरडले. तो घाबरून मागे सरला आणि हात चोळत उभा राहिला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

कडेचं निळं घर मी हातात घेतलं आणि मला काहीतरी वेगळं लागलं. आम्ही तळाची फळी नुसत्या फेव्हिकॉलने चिकटवतो. ह्या घराच्या तळाला खिळे होते. चारी बाजूंनी, जवळजवळ, एकाला एक लागून ठोकलेले. एवढे खिळे लोक पेटाऱ्यालासुद्धा मारत नाहीत.

मी दोरी कापून घर खाली आणलं. व्यासपीठाच्या मागे सामानाची खोली होती, तिथे रम्याला हाताला धरून ओढत नेलं आणि दार लावलं. स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून जोर लावला. लाकूड कडकडलं, रंगाचे पोपडे उडाले, खिळे वाकडे होत होत बाहेर आले. फळी सुटली आणि सोनाराच्या गुलाबी कागदाची पुडी माझ्या मांडीवर पडली. उघडली. काळे मणी, मधे सोन्याच्या वाट्या.

माझे डोळे भरून आले. "देवा रे," मी म्हटलं. "चल, मान इकडे कर."

रम्याने मान केली नाही. ती भिंतीला पाठ लावून उभी होती.

आणि मग ते खिळे माझ्या डोक्यात शिरले. विसरलेल्या वस्तूवर कुणी खिळे ठोकत नाही.

"हें तूंच..."

"मीच," ती म्हणाली. "विसरलें नव्हतें, अक्का. ठेवलें, तळ चिकटवला आणि वरून खिळे मारले. समोर असतें तर आज सकाळीं भिऊन घातलें असतें."

"आणि हिरवें, गुलाबी?"

"तुला सांपडूं नये म्हणून."

मला तिचा असा राग आला की हात शिवशिवायला लागले. मी शिडीवर जीव टांगून लोकांच्या तोंडाला तोंड देत होते आणि ही खालून मला खेळवत होती! पण राग बाहेर पडेना, कारण त्याच्या मागोमाग भीती आली. असं काय झालं होतं ह्या मुलीला?

"मारतो काय तो?" मी विचारलं.

"नाहीं."

"पितो? दुसरी कोणी आहे?"

"नाहीं गे." ती जराशी हसली. ते हसू मला बघवेना. "बोलत नाहींत. दीड वर्ष झालें, माझ्याशीं एक शब्द बोलत नाहींत."

"भांडलात कशावरून?"

"भांडायला तरी बोलावें लागतें. एकदां मी म्हटलें, रोज एवढें गप्प कां? त्या दिवसापासून जें बंद झालें तें झालें. आमटींत मीठ कमी पडलें तर फोनावर लिहून पाठवतात. मी समोर उभी राहून वाढत असत्यें आणि फोन स्वयंपाकघरांत वाजतो. दार उघड, तेंही लिहून. आईशीं, अत्तेंशीं, बोलतात, ऑफिसांत बोलतात, दूधवाल्याशीं हसून बोलतात. घरांत मीच काय ती नाहीं."

"मला सांगायचें होतेंस, रम्या."

"काय सांगूं? मारीत नाहींत, पीत नाहींत. सगळे म्हणतात, किती शांत मुलगा. तूंही म्हणत्येस."

म्हणत होतेच. माझा नवरा घरात ढोल वाजवल्यासारखा बोलतो. म्हणून हरिकृष्णाचं कौतुक मी चारचौघांत करायचे, की आमच्या रम्याच्या घरात कधी आवाज चढत नाही. आता त्या खोलीत, नारळाच्या पोत्यांमध्ये, मला माझीच लाज वाटली. पण बाहेर नादस्वर वाजत होता आणि माझ्या मुठीत मंगळसूत्र होतं. लाजायला घरी गेल्यावर वेळ होता.

"ऐक," मी म्हटलं. "आजच्यापुरतें घाल. नवरामुलगा येईल, ओवाळ. सगळ्यांसमोर तमाशा नको. उद्यां आपण बसून बोलूं, मी मामींशीं बोलत्यें."

"उद्यां मी तंजावूरला असेन, अक्का. आज घातलें कीं संध्याकाळीं गाडींत बसावें लागेल. बसलें कीं संपलें." तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "तेथें दुपारीं मी एकटीच मोठ्यानें बोलत्यें. आवाज आहे कीं गेला, हें बघायला."

तिच्या गळ्यात ते घालायला उचललेले माझे हात मी खाली घेतले. पण मामींना उत्तर तरी काय द्यायचं? सोनाराकडे दिलंय, वाटी सैल झाली होती, पिवळा दोरा बांधायला वेळ झाला नाही. एवढं मी जमवलं आणि तिला म्हटलं, "तूं बोलूं नको. मी सांगत्यें काय तें."

दार उघडलं तर सुब्बलक्ष्मीबाई समोरच.

स्टेशनवरून रिक्षाने थेट आल्या होत्या. नऊवारी, कपाळावर भलं मोठं कुंकू, हातात ओवाळणीचं ताट, वात लावलेली. त्यांच्या मागे हरिकृष्ण, इस्त्रीचा शर्ट, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन. त्याने मला बघून छान हसून मान हलवली. खरंच देखणा, नम्र मुलगा. कुणालाही आवडेल असा.

"एथें काय करता गे दोघी? वर दाराशीं येऊन उभा आहे. घे रम्या, ताट..." आणि सुब्बलक्ष्मीबाई थांबल्या. त्यांची नजर रम्याच्या गळ्यावर गेली, तिथून चेहऱ्यावर आली, परत गळ्यावर गेली. ताटातली हळद थोडी सांडली. आसपासच्या दोन-तीन बायकाही वळून बघायला लागल्या.

"रम्या," त्या अगदी हळू म्हणाल्या. "गळा मोकळा कां?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पंकजा? मंगळसूत्र कोठें हिचें?"

"मामी, तें... सोनाराकडे..."

टिंग.

रम्याच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. मी हरिकृष्णाकडे बघितलं. तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याचा अंगठा नुकताच फोनवरून उठला होता आणि डोळे खालीच होते. माझं वाक्य तोंडातच राहिलं.

रम्याने फोन काढला, बघितला, आणि सासूसमोर धरला. सुब्बलक्ष्मीबाईंना चष्म्यातून जवळचं दिसत नाही, त्यांनी ताट माझ्या मोकळ्या हातात दिलं, फोन लांब धरला आणि वाचला. मलाही दिसला. तमिळ अक्षरांत आमच्या भाषेतला एकच शब्द होता.

घाल.

"हरि," सुब्बलक्ष्मीबाई म्हणाल्या. "ती एथें उभी आहे. तोंडानें सांग कीं."

"अम्मा, उशीर होतो आहे," हरिकृष्ण म्हणाला. मऊ आवाजात, आईकडे बघून. "लोक थांबले आहेत."

"मला नको सांगूं. हिला सांग."

तो हसला. जरा ओशाळल्यासारखा. फोनकडे बघितलं, छताकडे बघितलं, दाराकडे बघितलं. त्या सगळ्यात रम्याच्या चेहऱ्यावरून त्याची नजर एकदाही गेली नाही. आम्ही तिघी वाट बघत होतो. त्याची आई सगळ्यांत जास्त. तिचे ओठ हलत होते, जणू त्याच्या वतीने तीच शब्द जुळवत होती.

तो बोलला नाही.

रम्याने माझ्यापुढे हात केला. मी मूठ उघडली. तिने मंगळसूत्र उचललं आणि कागदासकट सासूच्या तळहातावर, त्या फोनशेजारी ठेवलं. मग वाकून त्यांच्या पायांना हात लावला. सुब्बलक्ष्मीबाईंनी तिला दंडाला धरून उठवलं आणि सोडलं नाही. बाहेरून शिवरंजनी ताटासाठी हाका मारत होती.

"आपण घरीं जाऊन बोलूं, मुली," त्या म्हणाल्या. "घरीं जाऊन सगळें नीट बोलूं."

रम्याने त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही. दयेने, असं मला वाटलं.

"घरीं कोण बोलतें, अत्ते?"